घर तुझ्याकडे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि हवाई तळाचे प्रमुख, व्यासपीठावर बसलेले आजी-माजी वरिष्ठ अधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे भावजी, समोर बसलेले वैमानिक, तंत्रज्ञ, त्यांच्या घरची माणसं, आणि मागच्या दाराशी उभं राहून जेवण कधी सुरू होतंय याचा अंदाज घेणारी मंडळी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला सांगितलं, की घरच्या मंडळींच्या वतीनं तुम्ही दोन शब्द बोला. मी विचारलं, दोन म्हणजे किती? ते म्हणाले, "मागच्या समारंभात एक मावशी बोलल्या, तेवढे नकोत." त्या मावशी आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. मावशी, मी तुमच्या आतच आवरते.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. भावजींनी किती तास उड्डाण केलं, कोणकोणत्या मोहिमांत भाग घेतला, छातीवर काय काय लागलं, हे सगळं तुम्ही ऐकलंत. मला त्यातलं फारसं कळत नाही. आम्हा घरच्या माणसांना वैमानिक कळतो तो दारात बूट काढतानाच्या आवाजावरून. बूट एकापाठोपाठ एक पडले, तर दिवस बरा गेला. एक पडला आणि दुसऱ्याला वेळ लागला, तर गॅस बारीक करायचा आणि काही विचारायचं नाही.

भावजींना तळावर सगळे 'ओळंबा' म्हणायचे. नव्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूस उभा राहिला की त्याच्या शेजारी खुशाल भिंत बांधून घ्यावी, इतका सरळ. आता खुर्चीत बसलेत तेसुद्धा बघा. मघाशी त्यांच्या गळ्यात हार घालायला मुलीला स्टूल द्यावं लागलं, कारण साहेब वाकतील तर शपथ!

मला त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगायची आहे. आमच्या त्या दूरच्या नेमणुकीतली. तुमच्यातले काही जण तेव्हा तिथे होते. त्या हिवाळ्यात जे बोललं गेलं ते माझ्या कानावर आलं होतं. घरं कमी, भिंती पातळ आणि करमणूक शून्य, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण भावजी आज निवृत्त होताहेत, आणि ते गेल्यावर ती कुजबुज तेवढी मागे उरावी, हे मला पटत नाही.

तो तळ म्हणजे काय होता? एक धावपट्टी, एक मेस, एक दवाखाना, आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी घरं. छतं बुटकी, खिडक्यांना दुहेरी काचा, प्रत्येक घरात एक शेगडी आणि तिचं छतातून बाहेर गेलेलं धुराडं. घरापासून मेसपर्यंत रस्त्याच्या कडेनं नारिंगी फडकी बांधलेले खांब होते. बर्फ उडायला लागलं की एका खांबापासून दुसरा खांब दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही, असा दंडक. त्यापलीकडे पांढरं मैदान. मी 'मैदान' म्हणते, कारण काहीतरी म्हणायला हवं. दुपारी खिडकीतून बघितलं तर जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं, ते कळायचं नाही. फार वेळ बघत राहिलं तर आपण उभे आहोत की नाही, याचीच शंका यायची. मी पडदे शिवून घेतले ते थंडीसाठी नव्हे.

आमचे हे आणि भावजी एकाच विमानात शेजारी शेजारी बसायचे. पुढच्या चौक्यांना रॉकेल, डबाबंद अन्न, औषधं पोचवायची आणि येताना आजारी माणसं आणायची. दोघांची मैत्री प्रशिक्षणापासूनची. एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा.

या लोकांची एक रीत आहे. वैमानिकांना ती पाठ आहे, पण इतरांसाठी सांगते. विमान एका वेळी एकाच्याच हातात असतं. ते दुसऱ्याला द्यायचं असलं की पहिला म्हणतो, "तुझ्याकडे." दुसरा म्हणतो, "माझ्याकडे." मग पहिला पुन्हा म्हणतो, "तुझ्याकडे," आणि मगच हात काढतो. का देतोस, असं विचारायचं नाही. प्रश्न जमिनीवर उतरल्यावर. हे उत्तर इतकं अंगात मुरलेलं असतं की भावजींना झोपेत कुणी 'तुझ्याकडे' म्हटलं असतं, तरी ते 'माझ्याकडे' म्हणाले असते.

आता आमच्या घरातलं. आमची तिथली मुदत संपत आली होती. मी भांडी कागदात गुंडाळायला घेतली होती. एका संध्याकाळी भावजी आले, भांडी बघितली आणि म्हणाले, "वहिनी, हे काय? मुदत तर वाढवून घेतलीय ना त्यानं?"

मला ते असं कळलं. यांनी आणखी एक पूर्ण मुदत मागून घेतली होती. मला न विचारता. मी यांना विचारलं, "अहो, मला सांगावंसं नाही वाटलं?" तर म्हणाले, "सांगणारच होतो." नवऱ्यांच्या 'सांगणारच होतो'मध्ये जगातली सगळी विमानं उभी करता येतील, एवढी जागा असते.

मी भांडी पुन्हा फडताळात लावली आणि यांच्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं बंद. भावजी रोज आमच्याकडेच जेवायचे, त्यामुळे कारभार त्यांच्यामार्फत चालायचा.

"भावजी, तुमच्या मित्राला सांगा, मीठ पुढे सरकवा."

"अरे, मीठ सरकव."

"तिला सांग, मीठ तिच्याच हाताशी आहे."

"वहिनी, मीठ... मी काय टपालखात्यात आहे का?"

हसलात ना? आम्हीही हसायचो. तिघंही वेगवेगळ्या दिशांना बघून.

अशातच एका दुपारी परतीच्या वाटेवर हे दोघे पांढऱ्यात सापडले. खाली बर्फ, वर ढग, मध्ये उडणारा भुगा. अशा वेळी शरीर खोटं बोलतं. विमान सरळ असतं आणि अंग सांगतं की ते डावीकडे कललंय. वैमानिकांची शिकवण अशी, की अंगावर विश्वास ठेवायचा नाही, विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या समोरच्या तबकडीवर ठेवायचा. यांनी ठेवला. पण तबकडी सरळ आणि अंग तिरकं, असं फार वेळ चाललं, तेव्हा हे म्हणाले, "तुझ्याकडे." भावजी म्हणाले, "माझ्याकडे." भावजींनी विमान उतरवलं, अगदी अलगद.

एरवी जमीन दिसली की तो भास जातो. यांचा गेला नाही.

आधी मला वाटलं, मान अवघडली असेल. हे खुर्चीत उजवीकडे झुकून बसायचे, चालताना उजवा हात भिंतीला. चहा अर्धाच कप घ्यायचे, आणि तो प्यायच्या आधी कपातल्या चहाकडे टक लावून बघायचे. पलंगाच्या डाव्या पायांखाली यांनी लाकडाचे तुकडे सरकवले. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, काही निघालं नाही. हवेत हे एकदम ठीक असायचे. चाकं जमिनीला लागली की कलायचे.

शेवटी मी देखभाल विभागाच्या माणसाला बोलावलं. तो पाणसळ घेऊन आला, तीच ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. त्यानं फरशीवर ठेवली, ओट्यावर ठेवली, पलंगावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. तो यांना म्हणाला, "साहेब, घर तंतोतंत सरळ आहे." हे वाकून बुडबुड्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. घर चुकतंय."

तो माणूस पाणसळ घेऊन गेला तो चहालासुद्धा थांबला नाही.

मी शिकलेली बाई आहे. भासाला भास म्हणते. पण एकदा बटाटे सोलत असताना हे स्वयंपाकघरात आले, आणि टेबलावरचा एक बटाटा आपणहून डावीकडे घरंगळत गेला. हे बाहेर गेले, बटाटा थांबला. मी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला आणि यांना हाक मारली नाही. पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सूप वाढलं होतं. यांनी वाटीतल्या सुपाकडे बघितलं, चमचा खाली ठेवला, आणि भावजींकडे न बघता, अगदी विमानातल्या आवाजात म्हणाले, "घर तुझ्याकडे."

आणि भावजी म्हणाले, "माझ्याकडे."

विचार न करता. सवयीनं. त्यांचा घास तोंडातच होता. आपण काय बोललो हे त्यांना कळलं, तोवर हे दुसऱ्यांदा 'तुझ्याकडे' म्हणून मोकळे झाले होते.

मी बघत होते. हे सरळ झाले. कित्येक दिवसांनी यांची मान खांद्यांच्या मधोमध आली. यांनी सूप संपवलं आणि आणखी मागितलं. आणि समोर आमचा ओळंबा, टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून, हळूहळू उजवीकडे झुकत होता.

त्यानंतर भावजी रोज दिवसाउजेडी का यायचे, शेगडी का तपासायचे, खिडक्यांच्या कड्या का ओढून बघायचे, हे ज्यांना कळलं नाही आणि ज्यांनी आपापल्या परीनं लावून घेतलं, त्यांना एवढंच सांगते: तो माणूस दुसऱ्याचं घर सांभाळत होता, कारण त्याच्या तोंडून होकार निघून गेला होता. त्याला घरात रस नव्हता, आणि माझ्यातही नव्हता. मी त्यांना दोनदा आमटीत मीठ जास्त घालून वाढलं, तेही त्यांनी मुकाट खाल्लं.

आणि आमचे हे? हे मजेत होते. हीच खरी भीतीची गोष्ट. हे आपल्याच घरात प्रवाशासारखे राहायला लागले. खिडकी उघडायची झाली तर म्हणायचे, "त्याला विचार." शेगडीतला विस्तव विझत आला, तर विझू द्यायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. मी एकदा न राहवून अबोला मोडला. म्हटलं, "अहो, मी जाते इथून. कायमची."

हे म्हणाले, "त्याला सांगितलंस का?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. विमानात खिडकीशी बसलेला माणूस जशी माहिती देतो, तशी माहिती होती. मला वाटलं, हा माणूस कुठेतरी गेला आहे आणि हा समोर बसलाय तो त्याचा कोट आहे.

मग तो दिवस आला. तुम्ही तो अपघात म्हणून ऐकला असेल. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितला. हवा स्वच्छ होती. भावजी विमान उतरवत होते. चाकं टेकेपर्यंत सगळं सुरेख. चाकं टेकली, आणि विमान सावकाश, अगदी कुणी बोट धरून न्यावं तसं, धावपट्टी सोडून उजवीकडे निघालं. बर्फात नाक खुपसून थांबलं. पंख्याचं पातं वाकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागे एक आजारी जवान होता, तो तर म्हणे झोपूनच होता.

चौकशीत दोघांनीही 'बर्फावरून चाक घसरलं' असं सांगितलं. मला खरं कळलं ते त्या संध्याकाळी, आमच्याच टेबलावर.

भावजी म्हणाले, "तू शेजारी बसला होतास. मी कलतोय हे तुला दिसत होतं. हात का नाही घातलास?"

"तू दिलं नाहीस," हे म्हणाले.

"तोंडानं मागायचंस!"

"मागायची रीत नाही."

"अरे, रीत गेली खड्ड्यात! मागे पेशंट होता!"

"मग द्यायचंस ना. एक शब्द. तुझ्याकडे. एवढंच."

"एकदा मी 'माझ्याकडे' म्हणालो त्याचं काय झालं ते बघतोयस ना? मला वाटलं, मी विमान दिलं तर त्याच्याबरोबर हेही परत तुझ्या अंगावर येईल."

ओळंबा भिंतीला टेकून तिरका उभा होता, आणि आमचे हे सरळ बसले होते, डोळे मात्र माझ्याकडे नव्हते की त्याच्याकडे नव्हते. माझ्या लक्षात आलं, हे असंच चाललं तर एक दिवस या दोघांतला एक मरेल, दुसरा शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेला असेल, आणि दोघंही रीतीप्रमाणे बरोबर असतील.

मी म्हटलं, "भावजी, माझ्याकडे द्या."

"वहिनी, भलतंच काय? हे तुम्हाला झेपायचं नाही."

"यांनी घर दिलं तेव्हा मला विचारलं नाही. तुम्ही घेतलंत तेव्हा मला विचारलं नाही. त्या घरात मी राहते. द्या."

ते यांच्याकडे बघत राहिले. हे काहीतरी बोलतील, नको म्हणतील, म्हणून त्यांनी वाट बघितली. मीही बघितली. खोटं कशाला सांगू, मी फार वाट बघितली. हे बोलले नाहीत.

भावजी म्हणाले, "तुमच्याकडे."

मी म्हटलं, "माझ्याकडे."

"तुमच्याकडे."

आणि फरशी डावीकडे गेली. तुम्ही जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाय टाकता, तेव्हा पोटात जे होतं, तसं झालं, आणि ते थांबलंच नाही. गॅसवर दूध होतं. मी ओटा धरून पुढे गेले आणि गॅस बंद केला. भावजींची पाठ ताठ झाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्याच महिन्यात त्यांनी दुसरीकडे बदली मागितली. त्यानंतर हे दोघे एका विमानात, एका टेबलावर, एका बाकावर कधी बसले नाहीत. लोक म्हणाले, बाईवरून फाटलं. फाटलं ते यावरून, की दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं की तो न बोललेला शब्द दिसायचा.

मी यांना सोडून गेले नाही. कशी जाणार? घर माझ्याकडे होतं. त्यानंतर पुष्कळ बदल्या झाल्या, पुष्कळ घरं झाली. प्रत्येक घर डावीकडे कललेलं. तुम्ही मला बघितलंय, हळदीकुंकू नको म्हणून टाळणारी, उजवा खांदा पाडून चालणारी, फोटोत तिरकी येणारी बाई. कुणी म्हणालं कंबर, कुणी म्हणालं शिष्टपणा. माणसाला कशाचीही सवय होते. भरलेलं पातेलं उतारावरून न सांडता न्यायला मी शिकले. एकाच गोष्टीची सवय झाली नाही. यांनी इतक्या वर्षांत मला एकदाही विचारलं नाही. प्रश्न उतरल्यावर विचारायचे, ही यांची रीत. आणि आम्ही उतरलोच नव्हतो.

अध्यक्ष महाशय घड्याळाकडे बघताहेत. संपवते.

आज सकाळी मला जाग आली, उठून पाय खाली टाकला आणि मी पडले. उजवीकडे. जमीन सरळ होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी घाबरले. मी कुणाला काही दिलं नव्हतं, शब्द उच्चारला नव्हता. मग गेलं कुठे? भिंत धरून स्वयंपाकघरात आले. हे टेबलाशी बसले होते, मान त्या कोनात, समोर अर्धा कप चहा.

मी म्हटलं, "अहो, मी दिलं नव्हतं."

हे म्हणाले, "माहीत आहे."

"मग?"

"मी घेतलं. आज तुला चार लोकांसमोर उभं राहून बोलायचंय. सरळ उभी राहा." मग कपाकडे बघत यांनी विचारलं, "इतकी वर्षं तू यात स्वयंपाक केलास?"

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

हे तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांच्या उजवीकडच्या बाईंनी मघापासून दोनदा खुर्ची सरकवली. बाई, गैरसमज नको. भावजी, तुम्हीही मघापासून तिकडेच बघताय. तो कोन तुम्हाला ओळखू आला असणारच, या सभागृहात आणखी कुणाला येणार?

भावजी, बसा ना. अजून मानपत्र वाचायचंय... बरं. अध्यक्ष महाशय, सत्कारमूर्ती व्यासपीठावरून उतरताहेत, त्यांना जाऊ द्या. भावजी, हार काढून हातात घ्या, पायात येईल. बाई, तुमची खुर्ची त्यांना देता का? हो, तीच, उजवीकडची. आभारी आहे.

बसले. खांद्याला खांदा लागला. बोलत नाहीत दोघंही. नका बोलू.

समारंभ चालू असताना सत्कारमूर्ती उठून गेले, हा अवमान सर्वस्वी माझ्या भाषणामुळे झाला, तेव्हा अध्यक्षांनी आणि मान्यवरांनी तो माझ्या नावावर टाकून उदार मनानं विसरावा. मला बोलायला बोलावलंत, शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, याबद्दल संयोजकांची आणि तुम्हा सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि आता कुणीतरी पुढे येऊन मला जरा हात द्या. या पायऱ्या उतरायच्या आहेत, आणि सरळ जमिनीची मला अजून सवय नाही.